कॉलमचे क्युब फेल आलेत, आता कोअर काढायचे आहेत. कुठून, किती, आणि रिपोर्ट कसा वाचायचा?

पाचोरा_साइट

नमस्कार मंडळी. पाचोऱ्याला तळमजला अधिक तीन मजल्यांचं काम चालू आहे. खाली दुकानं, वर राहायला. दुसरा स्लॅब भरून झाला आहे. तळमजल्याचे १४ कॉलम मे महिन्यात एकाच दिवशी भरले. ग्रेड एम२५ (म्हणजे २८ दिवसांत २५ न्यूटन प्रति चौ. मिमी ताकद), सिमेंट पीपीसी (पोझोलाना मिसळलेलं), खडी २० मिमी, मिक्सर साइटवरचाच. त्या दिवशी त्याच मालातून भरलेल्या क्युबचे (चाचणीच्या ठोकळ्यांचे) २८ दिवसांचे आकडे १९.१, २०.४ आणि १९.८ आले. स्ट्रक्चरल इंजिनियर साहेबांनी वरचं काम थांबवून कोअर टेस्ट, म्हणजे कॉलममधून काँक्रीटचा गोल दांडा कापून त्याची ताकद तपासायला सांगितलं आहे. ठेकेदाराचं म्हणणं, रिबाउंड हॅमर मारून बघा, आकडे चांगले येतात, कॉलमला भोक कशाला पाडता. मालक दोघांच्या मध्ये अडकले आहेत.

कॉलम बहुतेक २३० × ४५० चे आहेत (सगळी मापं मिमीत). सळया १६ मिमीच्या ६, म्हणजे ४५० च्या प्रत्येक बाजूला ३. उभ्या सळयांभोवतीच्या रिंगा ८ मिमीच्या, मधल्या भागात १५० वर आणि दोन्ही टोकांना १०० वर. कव्हर (सळयांबाहेरचा काँक्रीटचा थर) ४०. बाहेरच्या बाजूने काही कॉलमना प्लास्टर झालं आहे.

मला विचारायचं ते असं. किती कोअर काढायचे? कोअर कापायला ७५ चा बिट (हिऱ्यांची धार असलेली पोकळ नळी) की १०० चा? कॉलमच्या कोणत्या उंचीवर? भोक पाडताना स्लॅबला टेकू लागतील का? आणि नंतर भोक कशाने भरायचं? ज्यांनी हे काम केलं आहे त्यांनी सविस्तर सांगावं ही विनंती.

धुळे_स्ट्रक्चर

साहेबांनी काम थांबवलं ते योग्यच केलं. एम२५ ला तीन क्युबच्या एका सॅम्पलची सरासरी किमान २२ हवी, तुमची १९.८ च्या आसपास आहे. ही तफावत दुर्लक्ष करण्याजोगी नाही.

हॅमरबद्दल आधी बोलतो, कारण वाद तिथेच आहे. रिबाउंड हॅमर काँक्रीटच्या कातडीचा टणकपणा सांगतो, आतल्या ताकदीचा अंदाज तोही साधारण २५ टक्के इकडेतिकडे धरून. एम२५ मध्ये २५ टक्के म्हणजे १९ ते ३१, आणि तुमचा सगळा प्रश्न नेमका याच पट्ट्यात आहे. पृष्ठभाग कोरडा असेल तर आकडा वर जातो, ओला असेल तर खाली येतो. जुन्या बांधकामात कार्बोनेशनमुळे (हवेतल्या कार्बन डायऑक्साइडच्या परिणामामुळे) वरचा थर कडक होतो आणि आकडा आणखी फसवतो. तरीही हॅमर हवाच, पण दुसऱ्या कामासाठी. चौदाही कॉलमवर सारख्या उंचीवर, प्लास्टर काढून, पृष्ठभाग दगडाने घासून आकडे घ्या. अल्ट्रासॉनिक मशीन मिळालं तर समोरासमोरच्या बाजूंनी ध्वनिलहरींचा वेगही मोजा. त्यावरून चौदा कॉलममध्ये कमकुवत कोण, मध्यम कोण हे कळेल आणि कोअर कुठून काढायचे ते ठरेल. आकडा चांगला आला तोच कॉलम निवडून कोअर काढला तर त्या टेस्टला अर्थ उरत नाही.

संख्या: आयएस ४५६ (काँक्रीट कामाचं भारतीय मानक) प्रमाणे तीनपेक्षा कमी कोअर चालत नाहीत. किती आणि कुठून हे ठरवण्याचा अधिकार इंजिनियरचा आहे, ठेकेदाराचा नाही आणि लॅबचाही नाही. चौदा कॉलम एकाच दिवशीचे असले तरी साइटवरच्या मिक्सरमधून किती घाणे निघाले असतील याचा विचार करा. मी तीन वेगवेगळ्या कॉलममधून प्रत्येकी एक धरेन आणि चौथा जादा काढून ठेवेन. एखादा कोअर काढताना मोडतो, एखाद्यात सळई येते. नेमके तीनच काढले आणि एक वाया गेला तर मशीन पुन्हा बोलवावं लागतं. एकाच कॉलममधून तीन कोअर मात्र अजिबात नको.

उंची: कॉलमच्या तळाला, स्टार्टरच्या (आधी भरलेल्या बुटक्या भागाच्या) वर, सहसा सळयांचे लॅप (एकमेकींवर चढवलेले जोड) असतात. तिथे सळया दुप्पट आणि रिंगा जवळ, बिटला जागाच नसते. वरच्या टोकाला काँक्रीटच हलकं असतं. भरताना पाणी आणि बारीक माल वर येतो, त्यामुळे एकाच कॉलममध्ये तळाचं काँक्रीट सर्वांत मजबूत आणि वरचं एक फुटाचं सर्वांत कमकुवत मिळतं. म्हणून मधली पट्टी घ्या, स्लॅबपासून साधारण १.२ ते १.५ मीटर. तुमच्या रिंगा तिथे १५० वर आहेत. दोन रिंगांमध्ये १४२ मिमी मोकळी जागा मिळते, ४५० च्या बाजूला दोन सळयांमध्ये सुमारे १५० मिळते. ७५ च्या बिटचं भोक ८० च्या आसपास पडतं, म्हणजे चारही बाजूंना ३० मिमी शिल्लक राहते. १०० च्या बिटला १०८ चं भोक पडतं आणि रिंगेपासून जेमतेम १७ मिमी राहते. लोकेटरची (काँक्रीटमधली सळई शोधणाऱ्या यंत्राची) चूकच तेवढी असू शकते.

व्यासाचा नियम असा की कोअरचा व्यास खडीच्या कमाल आकाराच्या तिप्पट असावा, काही झालं तरी दुपटीच्या खाली जाऊ नये. २० मिमी खडीला तिप्पट म्हणजे ६०, तेव्हा ७५ बसतो. जाड स्लॅब, फूटिंग, राफ्ट असेल तर १०० च घ्यावा, आकड्यांचा विखुरलेपणा कमी होतो. २३० च्या कॉलमला ७५ पुरे.

आता टेकूचं. हिशेब करून बघा. कोअर आडवा आहे. त्याच्या मध्यातून कॉलमचा आडवा छेद घेतला तर ८० × १६० = १२,८०० चौ. मिमी काँक्रीट गेलं. कॉलमचं क्षेत्रफळ २३० × ४५० = १,०३,५००. म्हणजे १२ टक्क्यांहून जास्त छेद गेला, तोही एकाच बाजूने, त्यामुळे भार मध्यावरून सरकतो. १०० च्या बिटने तेवढ्याच खोलीला सोळा-सतरा टक्के जातो. ज्या कॉलमच्या काँक्रीटवर आपल्याला आधीच शंका आहे त्याच कॉलमचा हा छेद आहे. त्या कॉलमला येऊन मिळणाऱ्या प्रत्येक बीमखाली, कॉलमपासून अर्ध्या-पाऊण मीटरवर, जमिनीपर्यंत पक्के टेकू हवेत. तुमच्याकडे दोन स्लॅब आहेत, म्हणून वरच्या मजल्यावरही त्याच जागी टेकू लावा. टेकूखाली फळी किंवा प्लेट हवी. तळमजल्याची कोबा-फरशी झाली नसेल तर ही काळी माती आहे, पाऊस पडून गेला की टेकू खचतो. स्लॅबवर विटा, वाळू, सिमेंटच्या गोण्या रचल्या असतील तर आधी उतरवा. टेकू भोक भरून ग्राऊटला (भोक भरायच्या सिमेंटच्या मालाला) ताकद येईपर्यंत काढायचे नाहीत.

भुसावळ_कोअरकटिंग

वरच्या दादांनी जागा सांगितली, मी मशीनचं सांगतो.

आधी प्लास्टर काढा, किमान दोन फूट बाय दोन फूट. प्लास्टरवरून लोकेटर फिरवला की त्याची जाडी कव्हरमध्ये मिसळते आणि बारीक रिंग सुटते. लोकेटर आडवा फिरवून उभ्या सळया खुणा करा, उभा फिरवून रिंगा. खडूच्या रेषा ओढून जाळी काढा आणि जाळीच्या चौकोनाच्या मध्यावर केंद्र धरा. रिंगा ड्रॉइंगमध्ये सरळ असतात, प्रत्यक्षात तिरक्या बांधलेल्या असतात. म्हणून केंद्राच्या डाव्या आणि उजव्या दोन्ही बाजूंनी रिंगेची उंची तपासा. एका बाजूला १५० चं अंतर आणि दुसऱ्या बाजूला ११० असं सर्रास सापडतं.

मशीन स्टँडवरचंच हवं. हातात धरून कोअर काढू देऊ नका, नळासाठी भोक पाडणं वेगळं आणि टेस्टचा कोअर काढणं वेगळं. स्टँड १२ मिमीच्या अँकर फास्टनरने कॉलमला आवळायचा आणि त्या अँकरची जागाही सळई चुकवूनच घ्यायची. फास्टनर थोडा जरी हलला तरी बिट डुगडुगतो आणि कोअरच्या अंगावर लाटा येतात. असा कोअर मध्ये बारीक, टोकाला जाड निघतो. त्याचा व्यास कुठे मोजायचा हाच प्रश्न पडतो आणि लोडही कमीच येतो. आवळल्यावर स्टँडला दोन्ही हातांनी हिसका देऊन बघा. बिट कॉलमच्या पृष्ठभागाला काटकोनात आहे का ते गुण्याने तपासा.

सुरुवात हलक्या दाबाने करा, पहिले ५-६ मिमी खाच पडेपर्यंत. मग एकसारखा दाब. आपल्याकडची खडी काळ्या पाषाणाची, चांगली कडक. दाब कमी पडला तर बिटचे हिरे चकाकतात आणि कापणं थांबतं, नुसतं घासत राहतं. अशा वेळी जोर वाढवू नका, बिट बाहेर काढा, विटेत थोडा फिरवून धार उघडी करा. पाणी अखंड हवं. टाकी उंचावर ठेवा किंवा हातपंपाची टाकी घ्या, आणि २०० लिटरचा ड्रम बाजूला भरून ठेवा. मध्येच पाणी तुटलं तर बिट तापतो, गाळ आत घट्ट बसतो आणि कोअर बिटमध्येच अडकतो.

बाहेर येणाऱ्या पाण्याकडे लक्ष ठेवायला एक माणूस फक्त त्याच कामाला लावा. राखाडी दुधासारखं पाणी येत असेल तोवर ठीक. त्यात चमचमणारा किस दिसला, आवाज किणकिणला आणि मशीन जड चालू लागलं की स्टील लागलं. त्या क्षणी थांबा. "आलीच आहे तर कापून टाकू" हे कॉलममध्ये चालत नाही. गाळ अचानक जास्त आणि बिट भसकन आत गेला तर आत हनीकोंब (नीट न ठासल्याने राहिलेल्या पोकळ्या) आहे. ती खोली लिहून ठेवा, ती माहिती कोअरइतकीच महत्त्वाची आहे.

लाइटचं बघा. व्होल्टेज पडलं की बिट मध्येच थांबतो, परत चालू करताना कोअरवर कडा पडते. लोडशेडिंगच्या भागात ५ केव्हीएचा जनरेटर ठेवलेला बरा. आणि पाणी-वीज एकत्र असल्याने ईएलसीबी (वीजगळती झाली की लाइन तोडणारा स्विच) शिवाय मशीन लावू देऊ नका.

खोली १६० च्या पुढे नको. पलीकडच्या बाजूच्या सळया आणि रिंगा साधारण १६५ पासून सुरू होतात. बिट काढल्यावर कोअर मुळाशी चिकटलेला असतो. भोकाच्या खाचेत चपटी छिन्नी घालून एकाच बाजूला हलका टोला द्या, मुळाशी मोडतो. चारही बाजूंनी ठोकत बसलात तर मध्ये मोडेल. बाहेर आल्या आल्या त्याच्यावर न पुसणाऱ्या मार्करने कॉलम नंबर, तारीख, बाहेरचं टोक कोणतं आणि वरची बाजू कोणती ते लिहा. भोकात टेप धरून फोटो, कोअर पट्टीशेजारी ठेवून फोटो. नंतर वाद झाला तर हेच कामाला येतं.

गिरणाकाठ_लॅब

कोअर लॅबला पाठवताना ओल्या बारदानात गुंडाळून वर प्लॅस्टिक, आणि लाकडी खोक्यात भुसा किंवा वाळू. गाडीच्या डिकीत मोकळे टाकून आणलेले कोअर कडा उडालेले असतात.

लॅबमध्ये काय व्हायला हवं ते ठाऊक असू द्या, म्हणजे रिपोर्ट हातात आल्यावर विचारता येईल. दोन्ही टोकं करवतीने सपाट आणि अक्षाला काटकोनात कापायची. बाहेरचा पृष्ठभागाचा थर जातो, मुळाकडचं मोडकं टोक जातं. १६० मधून ११०-१२० उरतात. मग व्यास दोन ठिकाणी, दोन काटकोनी दिशांना मोजायचा. वजन करून घनता काढायला सांगा, त्याला काही खर्च नाही. २४०० च्या आसपास आली तर ठासणी चांगली. २२५० आली तर आत पोकळ्या आहेत आणि कमी ताकदीचं कारण सिमेंटमध्ये नाही, व्हायब्रेटरमध्ये शोधायचं. ५ टक्के पोकळी राहिली तर ताकद ३० टक्क्यांपर्यंत घसरते.

टेस्टआधी कोअर ४८ तास पाण्यात, तापमान २४ ते ३० अंशांत. आपल्याकडे उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाकीचं पाणी ४० च्या पुढे जातं, त्यामुळे हौद सावलीत आणि थर्मामीटरसह हवा. कोरडा कोअर ओल्यापेक्षा दहा-पंधरा टक्के जास्त आकडा देतो. ठेकेदाराला तो आवडेल, पण नियम ओल्याचाच आहे.

कॅपिंग (कोअरची टोकं सपाट करायला लावलेला थर) पातळ हवं, आणि कॅपचा माल काँक्रीटपेक्षा मजबूत. गंधकाचं कॅपिंग असेल तर टोक कोरडं करूनच ओतायचं, नाहीतर मध्ये बुडबुडा राहतो आणि कॅप आधी फुटतं. फुटलेल्या कोअरचा आकारही बघा. वरखाली शंकू उरून मधला भाग झडला असेल तर टेस्ट नीट झाली. एका बाजूची ढलपी निघून बाकी कोअर उभाच असेल तर टोकं समांतर नव्हती, तो आकडा काँक्रीटचा नाही.

सगळ्यांत जास्त दुर्लक्ष होतं ते मशीनच्या रेंजकडे. ७५ चा कोअर एम२५ चा असेल तर ७०-८५ केएन (किलोन्यूटन) भाराला फुटतो. २००० केएनच्या मशीनवर हे अगदी तळाचं टोक आहे, आणि त्या मशीनचं कॅलिब्रेशन (आकडा बरोबर दाखवतं का याची तपासणी) बऱ्याचदा २०० केएनपासून वरच केलेलं असतं. कॅलिब्रेशनचा दाखला मागा आणि ८० केएनचा आकडा त्यात येतो का ते बघा. लहान रेंजचं मशीन असलेली लॅब निवडा. भार चढवण्याचा वेग मिनिटाला १४ न्यूटन प्रति चौ. मिमी, म्हणजे ७५ च्या कोअरला सेकंदाला साधारण १ केएन. कोअर सव्वा मिनिटाच्या आसपास फुटायला हवा. पंधरा सेकंदात फुटला तर भार घाईने चढवला, आकडा खोटा वर गेला.

एनएबीएल (लॅबना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यता आहे एवढ्यावर थांबू नका. त्यांच्या मान्यतेच्या यादीत कोअरची चाचणी आहे का ते तपासा, नुसत्या क्युब-विटांपुरती मान्यता असते.

पाचोरा_साइट

सर्वांचे मनापासून आभार. सांगितल्याप्रमाणे चौदा कॉलमवर हॅमर घेतला आणि तीन कॉलममधून ७५ चे कोअर काढले. रिपोर्ट आला आहे. कोअरचा व्यास तिन्हींचा ७४ मिमी.

पहिला: कॅपसह लांबी १२६, लोड ७८ केएन, ताकद १८.१४.
दुसरा: लांबी ११८, लोड ८४ केएन, ताकद १९.५३.
तिसरा: लांबी १३०, लोड ६९ केएन, ताकद १६.०४. यात ८ मिमीच्या रिंगेचा तुकडा आला आहे, कोअरच्या जवळच्या टोकापासून ३४ मिमीवर. इथे रिंग तिरकी होती.

रिपोर्टमध्ये याच आकड्यांना कॉम्प्रेसिव्ह स्ट्रेंग्थ म्हटलं आहे. मालक म्हणतात एम२५ चे १६ आले, म्हणजे कॉलम पाडावेच लागणार. ठेकेदार गप्प आहे. मला स्वतःला वाटतं की इथे काही गुणक लावायचे राहिलेत. कुणी हिशेब करून दाखवाल का?

धुळे_स्ट्रक्चर

बरोबर ओळखलंत, गुणक राहिलेत. हा नुसता भार भागिले क्षेत्रफळ आहे. तो आकडा ना धड क्युबचा, ना धड प्रमाण सिलिंडरचा. मालकांना हा हिशेब कागदावर करून दाखवा.

क्षेत्रफळ ७४ च्या व्यासाला ४३०१ चौ. मिमी. प्रमाण सिलिंडरची लांबी व्यासाच्या दुप्पट असते. आपला कोअर आखूड आहे, आखूड नमुना जास्त भार घेतो, म्हणून तो आकडा थोडा खाली आणायचा. आयएस ५१६ (काँक्रीटच्या चाचण्यांचं मानक) च्या चौथ्या भागाचा गुणक: ०.११ × (लांबी ÷ व्यास) + ०.७८. लांबी कॅपसह धरायची. मग सिलिंडरचं क्युब करायला १.२५ ने गुणायचं.

पहिला: १२६ ÷ ७४ = १.७०, गुणक ०.९६७. १८.१४ × ०.९६७ = १७.५४, आणि × १.२५ = २१.९३.
दुसरा: गुणोत्तर १.५९, गुणक ०.९५५, क्युबची ताकद २३.३२.
तिसरा: गुणोत्तर १.७६, गुणक ०.९७३, क्युबची ताकद १९.५२.

सरासरी २१.५९. आता निकष. कोअरच्या सरासरीला ग्रेडच्या ८५ टक्के, म्हणजे २१.२५. एकट्या कोअरला ७५ टक्के, म्हणजे १८.७५. दोन्ही अटी पूर्ण होतात. तिसऱ्या कोअरमधल्या रिंगेसाठी मी अजून काहीच सूट घेतलेली नाही, आणि १०० पेक्षा लहान व्यासासाठी आयएस ५१६ मध्ये वेगळा गुणक आहे तोही धरलेला नाही. तो आकडा वरच नेतो. लॅबला लेखी विचारा की त्यांनी कोणते गुणक लावले आणि सुधारित रिपोर्ट मागा. स्ट्रक्चरल इंजिनियर तुमच्या-माझ्या हिशेबावर सही करणार नाहीत.

८५ टक्केच का, असं मालक विचारतील. कोअर काढताना कडेची खडी कापली जाते, बांधणी ढिली होते. शिवाय क्युब हौदात वाढतो आणि कॉलम पाचोऱ्याच्या उन्हात. कॉलममधून आडवा काढलेला कोअर तर स्लॅबमधून उभा काढलेल्यापेक्षा साधारण ८ टक्के कमी देतो, कारण खडीखाली साचलेल्या पाण्याच्या बारीक पोकळ्या भाराच्या दिशेला समांतर येतात. ८५ टक्के हे या सगळ्याचं माप आहे, ठेकेदाराला दिलेली सवलत नाही.

गिरणाकाठ_लॅब

रिंगेच्या तुकड्याबद्दल. ब्रिटिश पद्धतीत आडव्या सळईसाठी गुणक आहे: १ + १.५ × (सळईचा व्यास × टोकापासून अंतर) ÷ (कोअरचा व्यास × लांबी). तुमच्या आकड्यांनी १ + १.५ × (८ × ३४) ÷ (७४ × १३०) = १.०४. म्हणजे १९.५२ चे २०.३५ होतात आणि सरासरी २१.८७. निकाल सुटीशिवायच पास आहे, त्यामुळे हा गुणक रिपोर्टच्या टीपेत राहू द्या, निकालात नको. कोअरच्या लांबीला समांतर सळई आली असती तर तो कोअर सरळ बाद करावा लागला असता.

भुसावळ_कोअरकटिंग

रिंग कापली गेली हे लपवू नका. त्या कॉलमची एका पातळीवरची बांधणी एका बाजूने तुटली आहे. १५० च्या अंतराला तिथे आता ३०० झालं. भोक भरण्याआधी साहेबांना दाखवा. कव्हर थोडं फोडून रिंगेची दोन्ही टोकं उघडी करून त्याच व्यासाचा तुकडा जोडायचा की वेगळं काही, ते त्यांनी ठरवायचं.

यावल_बांधकाम

पास झाले म्हणून क्युबचा विषय सोडू नका. क्युब १९.८ आणि कोअर एवढे, म्हणजे दोन शक्यता. कॉलमचं काँक्रीट कोअर काढेपर्यंतच्या काळात पुढे वाढलं, पीपीसी उशिरापर्यंत ताकद घेतं. किंवा क्युबच नीट सांभाळले गेले नाहीत. मे महिन्यात आपल्याकडे ४५ अंश असतात. मोल्ड पत्र्याच्या शेडमध्ये ठेवले, दुसऱ्या दिवशी उशिरा खोलले, मग गरम पाण्याच्या ड्रममध्ये टाकले, तर २८ दिवसांचा आकडा पडतोच. लोखंडी मोल्ड भरल्याबरोबर सावलीत, वरून ओलं बारदान, २४ तासांनी खोलून सावलीतल्या हौदात. पुढच्या मजल्याला हे आधी दुरुस्त करा.

कॉलमच्या पाण्याचंही तेच. आयएस ४५६ मध्ये कोरड्या-गरम हवेत किमान १० दिवस आहे, पीपीसीला १४ दिवसांपर्यंत वाढवा असं म्हटलं आहे. दिवसातून दोनदा पाइपने पाणी मारणं म्हणजे क्युरिंग नाही. जळगाव जिल्ह्याच्या उन्हात कॉलम वीस मिनिटांत पांढरा पडतो. बारदान गुंडाळा, सुतळीने बांधा, त्यावर प्लॅस्टिक. हवा ४० अंशांच्या वर असेल तर भरणं पहाटे किंवा संध्याकाळनंतर, खडीचा ढीग सावलीत, मिक्सरचं पाणी थंड.

पाचोरा_साइट

हिशेब मालकांना समजावून सांगितला, सुधारित रिपोर्ट मागवला आहे. रिंग साहेबांना दाखवली, उद्या बघायला येतात. दोन प्रश्न राहिले. कोअर फेल आले असते तर काय केलं असतं, आणि भोक नेमकं कसं भरायचं? मिस्त्री एकास तीन मसाला भरू म्हणतोय.

धुळे_स्ट्रक्चर

फेल आले असते तर कॉलमवर लोड टेस्ट घेता येत नाही. ती वाकणाऱ्या भागांसाठी, बीम-स्लॅबसाठी आहे. कॉलमला आयएस ४५६ गणिताने तपासायला सांगते. मिळालेली खरी ताकद धरून प्रत्येक कॉलम पुन्हा तपासायचा. बरेचसे कॉलम एम२० धरूनही बसतात, कारण साइज सोयीसाठी सगळीकडे सारखी ठेवलेली असते आणि कडेच्या कॉलमला भार कमी असतो. जे बसत नाहीत त्यांना जॅकेटिंग (कॉलमभोवती नवा मजबूत थर), आरसीसीचं असेल तर चारही बाजूंनी किमान १०० मिमी. नाहीतर वरचा एक मजला कमी. तुमच्या साहेबांनी हा हिशेब आत्ताही करून ठेवावा असं मी सुचवेन. २१.५९ आणि २१.२५ मध्ये फार अंतर नाही, आणि हॅमरमध्ये ज्या कॉलमचे आकडे तिसऱ्या कॉलमपेक्षाही खाली आले असतील त्यातल्या एकाचा कोअर घ्यायला हवा. कोअर काढलेल्या तीन जागांचे हॅमरचे आकडे शेजारी मांडा, बाकी अकरा कॉलम कुठे बसतात ते लगेच दिसेल.

भुसावळ_कोअरकटिंग

एकास तीनचा मसाला नको. तो आकसतो, वरच्या बाजूला चंद्रकोरीसारखी फट राहते आणि भार त्या भागातून जातच नाही. नॉन-श्रिंक सिमेंट ग्राऊट घ्या, ताकद कॉलमच्या ग्रेडपेक्षा वरची.

भोकाची आतली बाजू बिटमुळे गुळगुळीत असते. छिन्नीने टोचून खडबडीत करा, गाळाचा थर ब्रशने आणि पाण्याने पूर्ण काढा. रात्रभर ओलं बारदान आत ठोसून ठेवा. सकाळी साचलेलं पाणी पुसून घ्या, भिंत ओलसर हवी, चमकणारी नको.

भोक आडवं आहे, म्हणून पातळ ग्राऊट ओतून चालत नाही. दोन मार्ग आहेत. एक, ग्राऊट घट्ट कालवायचा, मुठीत दाबला तर गोळा राहील आणि हाताला पाणी सुटणार नाही इतका. २५-३० मिमीचे थर करून लाकडी दांड्याने हातोडीखाली ठासत यायचं. थराचा पृष्ठभाग प्रत्येक वेळी ओरखडायचा. दुसरा, तोंडावर प्लेट बांधून वरच्या बाजूला चोचीसारखं नरसाळं ठेवायचं आणि भोकाच्या माथ्यापेक्षा १०० मिमी वरून ओतायचं, म्हणजे माथ्याला हवा अडकत नाही. चोच दुसऱ्या दिवशी छाटायची. ७५ च्या भोकाला ठासणीच सोपी. एका भोकाला एक लिटरपेक्षा कमी माल लागतो, म्हणून पूर्ण गोणी एकदम कालवू नका. उन्हाळ्यात तो वीस-पंचवीस मिनिटांत घट्ट होतो आणि मग मिस्त्री वरून पाणी घालतो. तसं घातलेलं पाणी दिसलं तर तो माल फेकून द्या. अँकरची भोकंही त्याच मालाने भरा.

वर ओलं बारदान सात दिवस. भरलेला ग्राऊट स्लॅबचं आत्ताचं वजन घेत नाही, ते बाजूच्या काँक्रीटने आधीच घेतलेलं आहे. पुढे चढणारा भार तो वाटून घेईल. त्यामुळे टेकू काढायचे ते ग्राऊटच्या गोणीवर दिलेल्या ताकदीच्या दिवसांनंतर, आणि तिसऱ्या स्लॅबचं सेंट्रिंग त्यानंतरच.